पुरुष नसबंदी : निर्णय कोणाचा, कोणत्या निकषांवर?

दरवर्षी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात शासनातर्फे पुरुष नसबंदी पंधरवडा पाळला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रांवर फलक झळकतात, आशा सेविका घरोघरी माहिती देतात, आणि ‘आता पुरुषांनीही पुढे यावे’ असे आवाहन वृत्तपत्रांतून केले जाते. पंधरवडा संपतो, फलक उतरतात आणि शस्त्रक्रियेच्या खाटेवर पूर्वीप्रमाणेच स्त्री असते. मात्र अलीकडे हा प्रश्न केवळ सरकारी भिंतींवर राहिलेला नाही. तो आपल्या धर्मग्रामांतील तरुण जोडप्यांच्या घरांत शिरला आहे. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून आणि विवाहविषयक शिबिरांनंतरच्या संभाषणांतून तो वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. त्याचे सर्वसाधारण रूप असे असते : दोन मुले झाली, दुसरे बाळंतपण सिझेरियनचे होते, पत्नीची प्रकृती तोळामासा आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करायचेच तर पतीचे करा, ते सोपे आहे. अशा वेळी आम्ही काय करावे?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि ‘ख्रिस्तसभेची परवानगी नाही’ एवढ्या एका वाक्याने तो संपत नाही. परवानगी का नाही, डॉक्टर सांगतात त्यात तथ्य किती, पतीच्या मनातील सद्भावनेचे काय करायचे आणि दुसरा मार्ग कोणता, हे सारे समोर मांडल्याशिवाय कोणत्याही जोडप्याला निर्णय घेता येणार नाही. म्हणून या लेखात आम्ही वैद्यकीय माहिती, आपल्या देशातील इतिहास आणि ख्रिस्तसभेची शिकवण या तिन्ही गोष्टींचा परामर्श घेत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतीची नसबंदी झालेल्या जोडप्यांचे प्रमाण होते ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झाले होते आणि पुरुषांचा आकडा अर्ध्या टक्क्यालाही पोचत नव्हता. त्याच पाहणीत सुमारे ३५ टक्के पुरुषांनी गर्भनिरोध ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्याची काळजी करण्याचे कारण नाही, अशा आशयाचे मत दिले. आकडेवारी धर्म विचारून घेतलेली नसली तरी आपल्या कॅथलिक वस्त्या या चित्राहून फार निराळ्या आहेत, असे आम्हाला वाटत नाही. आपल्या अनेक बहिणींचे ऑपरेशन दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळीच, त्याच टेबलावर उरकून घेतले जाते. प्रसूतिवेदनांत असलेल्या स्त्रीपुढे कागद धरला जातो आणि बाहेर व्हरांड्यात बसलेल्या नवऱ्याला ‘करून टाकू ना?’ एवढेच विचारले जाते. विचारविनिमय नाही, प्रार्थना नाही, धर्मगुरूंशी बोलणे तर दूरच. सुंठीवाचून खोकला गेला, असे पुरुषाला वाटते. नसबंदीच्या नैतिकतेवर तावातावाने वाद घालणाऱ्या काही पुरुषांनी आपल्या पत्नीचे ऑपरेशन मात्र बिनदिक्कत करून घेतलेले असते, ही विसंगती आपल्या समाजात कोणी बोलून दाखवीत नाही. ख्रिस्तसभेने या दोहोंत कधीही फरक केलेला नाही. संत पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘हुमाने विते’ या विश्वपत्राच्या चौदाव्या परिच्छेदात निर्बीजीकरणाविषयी लिहिताना पुरुष आणि स्त्री अशा दोघांचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. जे पत्नीच्या बाबतीत चालते ते पतीच्या बाबतीत पाप ठरते, किंवा त्याच्या उलट, असा सोयीस्कर अर्थ त्यातून काढता येत नाही.

वैद्यकशास्त्र काय सांगते

नसबंदीत वृषणाकडून शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन नलिका बंद केल्या जातात. आता सर्वत्र प्रचलित असलेली बिनटाक्याची पद्धत चीनमधील सिचुआन प्रांतातील डॉक्टर ली शुनचियांग यांनी १९७४ साली विकसित केली, आणि १९९०च्या दशकात ती भारताच्या कार्यक्रमात आली. केवळ तेवढ्या भागापुरती भूल देऊन पंधरा-वीस मिनिटांत शस्त्रक्रिया होते आणि मनुष्य त्याच दिवशी चालत घरी जातो. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते किंवा पोटात दुर्बीण घालावी लागते. त्यामुळे तिच्यात धोका अधिक असतो. केवळ दोन शस्त्रक्रियांची तुलना करायची तर डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पुरुषांच्या मनातील भीती बहुतांशी निराधार आहे. नसबंदीने पुरुषत्व जात नाही, कारण पुरुषत्वाचे संप्रेरक नलिकेतून नव्हे तर रक्तातून शरीरभर पोचते. शक्ती कमी होत नाही, आवाज बदलत नाही, वीर्याचे प्रमाणही जवळपास तेवढेच राहते. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. ख्रिस्तसभेची शिकवण अज्ञानाच्या आधाराने टिकवावी, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. ‘कमजोरी येईल’ या भयाने जो नसबंदी टाळतो आणि पत्नीला पुढे करतो, त्याने नीतीचा काही निर्णय घेतला असे म्हणता येणार नाही.

तथापि या माहितीला दुसरी बाजू आहे आणि पंधरवड्याच्या फलकांवर ती क्वचितच असते. शस्त्रक्रियेनंतर मनुष्य लगेच निर्बीज होत नाही. नलिकेत पुढे राहिलेले शुक्राणू बाहेर पडण्यास अवधी लागतो, म्हणून तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून ते नाहीसे झाल्याची खात्री करावी लागते. पुष्कळ पुरुष ही तपासणी करीतच नाहीत. मग पत्नीला दिवस गेले की संशयाची सुई तिच्यावर फिरते, आणि निरपराध स्त्रीच्या चारित्र्याची चर्चा घराघरांत होते. तपासणीत खात्री झाल्यानंतरही साधारणपणे दोन हजारांत एका पुरुषाच्या बाबतीत नलिका पुन्हा जुळून गर्भधारणा होऊ शकते. शंभरातील एक-दोघांना वृषणाच्या जागी दीर्घकाळ वेदना राहतात. शस्त्रक्रिया फसली म्हणून डॉक्टरचा निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पंजाब राज्य विरुद्ध शिव राम या खटल्यात स्पष्ट केले आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही शस्त्रक्रिया कायमची समजूनच करायची असते. नलिका पुन्हा जोडता येते हे खरे, परंतु ती शस्त्रक्रिया अवघड व खर्चिक असते आणि जसजशी वर्षे लोटतात तसतशी अपत्यप्राप्तीची शक्यता कमी होत जाते. माणसाचे आयुष्य मात्र कायमच्या निर्णयांना जुमानत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कितीतरी आईबापांनी एका सकाळी आपली सारी मुले गमावली. त्यांच्यापैकी अनेक मातांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले होते, आणि त्यांच्या नलिका पुन्हा जोडण्यासाठी राज्य शासनाला खास योजना आखावी लागली. ‘दोन पुरे’ म्हणताना त्या मातांच्या मनात असा दिवस आला नव्हता.

शासन, आकडे आणि माणूस

नसबंदी या शब्दाला आपल्या देशात जो कडवटपणा आला आहे त्याचा उगम सर्वज्ञात आहे, पण तरुण वाचकांसाठी तो थोडक्यात सांगायला हवा. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा हा विषय एका व्यक्तीच्या मतप्रचाराचा होता. १९५२ साली तो राष्ट्रीय कार्यक्रम झाला आणि पुढे त्याला लक्ष्यांक जडले. जुलै १९७१ मध्ये कॅथलिकांची मोठी वस्ती असलेल्या केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात एका महिन्याच्या शिबिरात सुमारे ६३,००० पुरुषांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. रोख रक्कम व भेटवस्तूंचे आमिष होते. त्या काळी नसबंदी हीच कुटुंबनियोजनाची मुख्य शस्त्रक्रिया होती, आणि ती पुरुषांची होती, ही गोष्ट आज अनेकांना खरी वाटणार नाही.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक निर्बीजीकरणे झाली, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांची. हरियाणातील उत्तावर गाव पोलिसांनी पहाटे वेढले आणि पुरुषांना गाड्यांत भरून नेले. शिक्षकांचे पगार, शिधापत्रिका, बदल्या, सारे काही नसबंदीच्या दाखल्याशी जोडले गेले. शाह आयोगासमोर या शस्त्रक्रियांशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली तीन मुलांनंतर निर्बीजीकरण सक्तीचे करणारे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायद्यात उतरले नाही. १९७७ च्या निवडणुकीने या प्रकाराला उत्तर दिले, आणि त्यानंतर कोणत्याही पक्षाच्या सरकारने पुरुषांना दुखावण्याचे धाडस केले नाही. लक्ष्यांक मात्र राहिले. ते स्त्रियांकडे वळले एवढेच. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांची ऑपरेशने करण्यात आली आणि त्या शिबिरांच्या मालिकेत तेराहून अधिक माता दगावल्या. त्यानंतर देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करण्यास सांगितले.

आकड्यांची हाव तरीही सुटलेली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मध्य प्रदेशात पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यांनी किमान एक तरी पुरुष नसबंदीसाठी आणला नाही तर पगार रोखला जाईल, असे परिपत्रक निघाले. गदारोळ झाला म्हणून ते मागे घेतले गेले. २०२४ च्या अखेरीस गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात एका अविवाहित शेतमजुराची फसवून नसबंदी केल्याची तक्रार पुढे आली, आणि तीही पंधरवड्याच्या उद्दिष्टांच्या संदर्भात. गरीब, एकटा, अशिक्षित माणूसच अशा वेळी का सापडतो, याचा विचार व्हायला हवा. २००७ साली केंद्राने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला ११०० रुपये आणि स्त्रीला ६०० रुपये ठरवून दिले, नंतर काही राज्यांत ही रक्कम वाढली. ज्याच्या घरी संध्याकाळच्या चुलीची भ्रांत आहे त्याने ती घेतली तर त्याला आपण ‘स्वेच्छा’ म्हणावे काय?

‘हुमाने विते’च्या सतराव्या परिच्छेदात पोपमहोदयांनी नेमका हाच इशारा दिला होता. एखाद्या जोडप्याला अडचणीत वापरायला जे साधन योग्य ठरवले, तेच साधन उद्या राज्यकर्ते सगळ्या समाजावर लादतील आणि मग त्यांना अडवायला आपल्याजवळ आधार उरणार नाही, असा त्याचा आशय होता. ते पत्र वाचून जगभरातील अनेकांनी नापसंती दर्शवली. आठ वर्षांनी आपल्या देशात जे घडले ते पाहता हा परिच्छेद कोणी भारतात बसून लिहिला असावा असेच वाटते. त्याही आधी, ३१ डिसेंबर १९३० रोजी, अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोनुबी’ या विश्वपत्रात निरपराध नागरिकाच्या शरीरावर शासनाला असा अधिकार नाही असे ठणकावले होते. त्या वेळी अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या निर्बीजीकरणाला १९२७ सालीच मान्यता दिली होती आणि जर्मनीतील नाझी कायदा यायला जेमतेम तीन वर्षे उरली होती. ‘आमोरिस लेतित्सिया’ या २०१६ च्या प्रेरितिक पत्रातही पोप फ्रान्सिस यांनी शासकीय सक्तीचा निषेध केलेला आहे.

आता वारे उलट दिशेने वाहू लागले आहेत, हेही नमूद केले पाहिजे. देशाचा प्रजननदर दर स्त्रीमागे २.० वर आला, महाराष्ट्राचा १.७ आणि गोव्याचा तर १.३. महाराष्ट्राने २००५ साली दोनहून अधिक मुले असणाऱ्यांना शासकीय नोकरीत प्रवेश नाकारणारे नियम केले होते. उलट आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट रद्द केली आणि तेथील मुख्यमंत्री लोकांना अधिक मुले होऊ द्या असे सांगू लागले. केरळमधील पाला धर्मप्रांताने २०२१ साली पाच किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबांना आर्थिक साहाय्य जाहीर केले. काल ‘थांबा’ म्हणणारे आज ‘वाढवा’ म्हणत आहेत. दोन्ही वेळा जोडप्याकडे संख्येच्या नजरेतूनच पाहिले जाते, आणि आपल्याच धर्मबांधवांनी समाजाची टक्केवारी टिकवण्यासाठी मातांना अधिक बाळंतपणांचा आग्रह धरावा, हेही आम्हाला रुचत नाही.

शिकवण नेमकी काय आहे

अनेकांची समजूत अशी की ख्रिस्तसभा ‘जितकी होतील तितकी मुले’ सांगते. तसे कोठेही लिहिलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट केले की, मुले किती व केव्हा याचा निर्णय शेवटी पतिपत्नींनी देवासमोर स्वतःच घ्यायचा आहे. त्यांनी आपली प्रकृती, आर्थिक स्थिती, आधीच्या मुलांचे हित आणि समाजाची परिस्थिती यांचा विचार करावा. जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारांना सात सिझेरियननंतर आठव्यांदा गर्भवती राहिलेल्या एका मातेचा दाखला दिला आणि याला जबाबदार पालकत्व म्हणत नाहीत असे सांगितले होते. तेव्हा संख्येचा निर्णय जोडप्याचा आहे. सासूचा नाही, सरकारचा नाही आणि धर्मगुरूंचाही नाही.

मर्यादा आहे ती साधनाला. प्रजननशक्ती नष्ट करणे हाच ज्या कृतीचा हेतू आहे ती कृती ख्रिस्तसभा निषिद्ध मानते, मग ती कायमची असो वा तात्पुरती. वैवाहिक संबंधात परस्परांना स्वतःचे संपूर्ण दान करायचे असते. त्यातून एक भाग मुद्दाम छाटून ठेवायचा आणि उरलेले दान पूर्ण म्हणायचे, हे या शिकवणुकीला मान्य नाही. मात्र रोगावरील उपचाराची गोष्ट वेगळी. वृषणाला कर्करोग झाला आणि ते काढावे लागले, तर मनुष्य निर्बीज होतो, पण तेथे हेतू रोग हटवण्याचा असतो. अशा उपचारास ‘हुमाने विते’च्या पंधराव्या परिच्छेदात मुभा आहे. ज्या गर्भाशयात बाळ जगण्याइतके वाढणे वैद्यकीय दृष्ट्या यापुढे शक्यच नाही, ते काढण्यासही श्रद्धासिद्धांत मंडळाने डिसेंबर २०१८ मधील खुलाशात मुभा दिली आहे. सिझेरियन झालेल्या सर्वच बहिणींना ही बाब लागू पडत नाही. पुढचे बाळंतपण जोखमीचे असणे आणि बाळ वाढणे अशक्यच असणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि ते तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आता त्या पतीचा प्रश्न, जो म्हणतो : माझ्या पत्नीला पुन्हा दिवस गेले तर तिच्या जिवावर बेतेल, तिने दोनदा पोट फाडून घेतले, आता मी पंधरा मिनिटे सोसली तर काय बिघडले? आमच्या मते या विषयातील सर्वांत जड प्रश्न हाच आहे. या माणसाच्या मनात स्वार्थ नाही. ‘बायकांची बाब’ म्हणून हात झटकणाऱ्यापेक्षा तो ख्रिस्ताच्या प्रेमाच्या कितीतरी जवळ आहे, आणि त्याला पापी म्हणून हिणवणाऱ्याने आधी स्वतःच्या घरात डोकावावे. तरीही १३ मार्च १९७५ रोजी व्हॅटिकनने इस्पितळांसाठी दिलेल्या उत्तरात याच युक्तिवादाचा विचार झालेला आहे. संपूर्ण शरीराच्या हितासाठी एखादा अवयव छाटता येतो, हे तत्त्व तेथे लागू करण्यात आलेले नाही, कारण धोका प्रजननशक्तीत नसून पुढे स्वेच्छेने होणाऱ्या संबंधातून उद्भवणाऱ्या गर्भधारणेत आहे. पतीच्या बाबतीत तर ते आणखी उघड आहे. त्याच्या निरोगी शरीरावर शस्त्र चालवून पत्नीचा हृदयविकार किंवा अशक्त गर्भाशय बरे होत नाही. तिचा आजार आहे तेथेच राहतो. टळते ती गर्भधारणा, आणि ती टाळण्याचा दुसरा मार्ग त्या दोघांच्या हाती असतो. तो अधिक कष्टाचा आहे, हे मान्य करूनच पुढे बोलावे लागते.

तो मार्ग म्हणजे नैसर्गिक कुटुंबनियोजन. पुरुषाचे बीज स्त्रीच्या शरीरात फार तर पाच दिवस टिकते आणि स्त्रीबीज एक दिवस. म्हणजे प्रत्येक चक्रात गर्भधारणेचे दिवस साधारण सहाच असतात. ते ओळखण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील कॅथलिक डॉक्टर दांपत्य जॉन व एव्हलिन बिलिंग्ज यांनी विकसित केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७०च्या दशकात पाच केंद्रांवर तिची चाचणी घेतली, त्यांत आपले बंगलोरही होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियाही शरीराची लक्षणे अचूक ओळखतात, असे आढळले. मदर तेरेसांच्या भगिनींनी कोलकात्याच्या गरीब वस्त्यांत हीच पद्धत शिकवली, आणि १९७९ साली नोबेल पुरस्कार स्वीकारताना मदरनी तिचा आवर्जून उल्लेख केला.

आकडे येथेही लपवू नयेत. नियम काटेकोर पाळले तर वर्षभरात शंभर जोडप्यांपैकी तिघांच्या आसपास गर्भधारणा होते. प्रत्यक्ष जगण्यात, चुकतमाकत पाळले तर हाच आकडा वीसच्या घरात जातो. ज्या पत्नीच्या जिवाचा प्रश्न आहे तिच्यासाठी हे अंतर फार मोठे आहे. म्हणूनच वर्तमानपत्रातील कात्रण वाचून ही पद्धत सुरू करू नये. प्रशिक्षित जोडप्याकडून ती काही महिने नीट शिकावी, आणि धोका गंभीर असेल तर संशयाचे सारे दिवस टाळून चक्राच्या उत्तरार्धातील निश्चित सुरक्षित दिवसांपुरतेच संबंध ठेवावेत. यात पतीला खरी किंमत मोजावी लागते. नसबंदीत त्याला एकदा पंधरा मिनिटे सोसायची असतात. येथे प्रत्येक महिन्यात संयम पाळायचा असतो, पत्नीचा तक्ता समजून घ्यायचा असतो, तिचा ‘नको’ ऐकायचा असतो. दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याबरोबर ही पद्धत चालत नाही, हे सत्य आपल्या भगिनी आम्हाला वारंवार सांगतात, आणि त्यावर उपाय तक्त्यात नाही. अशा घरांत आधी व्यसनमुक्ती, मग कुटुंबनियोजन, असाच क्रम लावावा लागतो.

आपल्या धर्मग्रामांत विवाहपूर्व शिबिरात या पद्धतीवर तासभराचे व्याख्यान होते. लग्नाच्या धामधुमीत ते कोणाच्या लक्षात राहत नाही. खरी गरज पहिल्या किंवा दुसऱ्या बाळंतपणानंतर असते, नेमक्या त्या वेळी त्या तरुण आईच्या दारात आशा सेविका जाते आणि आपल्याकडून कोणी जात नाही. प्रत्येक धर्मग्रामात ही पद्धत शिकवू शकणारी दोन-तीन जोडपी आणि एखादी परिचारिका तयार झाली, तर बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी आलेल्या आईवडिलांशी तेथेच बोलणे होऊ शकेल. नुसता निषेध करून ऑपरेशनांची संख्या घटणार नाही.

सदसद्विवेकबुद्धीविषयीही दोन शब्द. ‘आमोरिस लेतित्सिया’त पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना बजावले की, आपण लोकांची सदसद्विवेकबुद्धी घडवायची आहे, तिची जागा घ्यायची नाही. काही जण याचा अर्थ ‘मनाला येईल ते करा’ असा लावतात. बुद्धी घडवायची म्हटले की तिला माहिती हवी, शिकवण ऐकण्याची तयारी हवी, प्रार्थना हवी आणि जोडीदाराशी बोलणे हवे. शासकीय नियमांनुसार नसबंदीसाठी पत्नीची संमती लागत नाही आणि स्त्रीच्या ऑपरेशनसाठी पतीची. कायद्याला व्यक्तीची स्वतंत्रता जपायची आहे, ते समजण्यासारखे आहे. विवाहसंस्कारात मात्र दोघे एकदेह झालेले असतात. पत्नीला न सांगता गुपचूप नसबंदी करून येणारा पती, किंवा नवऱ्याच्या धाकाने ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवणारी पत्नी, या दोन्ही ठिकाणी निर्णय एकट्याचाच झाला.

ज्यांचे ऑपरेशन आधीच झाले आहे अशांची संख्या आपल्यात मोठी आहे, आणि त्यांतील काही जण वर्षानुवर्षे कम्युनियनपासून दूर राहतात. त्यांनी तसे राहण्याचे कारण नाही. पश्चात्तापाने पापनिवेदन केल्यास क्षमा मिळते. नलिका पुन्हा जोडून घेण्याची सक्ती त्यांच्यावर नाही आणि पतिपत्नी म्हणून एकत्र राहण्यासही आडकाठी नाही, असे नीतिशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. ज्या भगिनीला प्रसूतीच्या टेबलावर नीट कल्पना न देता सही करायला लावली, तिचा दोष तर फार थोडा, कदाचित नाहीच.

एक शंका विधुर पुरुषांकडून येते : पहिल्या पत्नीच्या हयातीत नसबंदी झाली, आता पुनर्विवाह चर्चमध्ये होईल काय? होईल. वंध्यत्वामुळे विवाह अवैध ठरत नाही, असे धर्मविधिसंहितेच्या १०८४ व्या कलमात म्हटले आहे, आणि नसबंदी झालेला पुरुष विवाहास अपात्र नाही, हे व्हॅटिकनने १३ मे १९७७ च्या आदेशाने स्पष्ट केलेले आहे. परंतु ही गोष्ट वधूपासून लपवली आणि ती फसवणूक नंतर उघडकीस आली, तर १०९८ व्या कलमाखाली त्या विवाहाच्या वैधतेवरच प्रश्न उभा राहू शकतो. तेव्हा अशा बंधूने चर्चमध्ये विवाहाची जाहीर घोषणा होण्यापूर्वीच वधूला सर्व काही स्वतःच्या तोंडाने सांगावे, आणि ते तिला ठाऊक असल्याचे आपल्या धर्मगुरूंच्याही कानावर घालावे.